बसलीस का?

१

सुदर्शनच्या गॅरेजमधून गाडी दुरुस्त होऊन बाहेर पडायच्या आधी तिची शेवटची परीक्षा नवरा-बायको दोघं मिळून घेत. पुढं सुदर्शन, मागं देविका. लातूरच्या नांदेड रोडला, डाळ मिलच्या रांगेलगत त्यांचं गॅरेज होतं आणि गॅरेजच्या पाठीमागं दोन खोल्यांचं घर. ग्राइंडरच्या आणि हातोड्याच्या आवाजात अर्धं आयुष्य काढून सुदर्शनचे कान अधू झाले होते. इंजिन कसं चाललंय हे त्याला हँडल धरलेल्या तळहातांना कळायचं. पण चेनची कुरकुर, मागच्या चाकाची घरघर, सायलेन्सरची फुसफुस देविकाच ऐकायची आणि परत आल्यावर त्याच्या कानाशी जाऊन सांगायची. डॉक्टरांनी दिलेलं कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये पडून होतं. ते का लावत नाही, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "माझं मशीन मागं बसतंय की."

निघताना मान न वळवता तो विचारायचा, "बसलीस का?" तिनं दिलेलं उत्तर त्याला ऐकू येणार नाही, म्हणून ती त्याच्या उजव्या खांद्यावर हात ठेवायची. हात पडला की तो मान डोलवायचा आणि गाडी सुटायची. शेजारच्या टपरीवर चहा करणारी नीलाबाई यावरून तिची चेष्टा करायची. म्हणायची, तुझा दादला तुला एक दिवस पेट्रोल पंपावर सोडून येईल आणि घरी आल्यावर मागं बघंल. बायको बसायच्या आधीच गाडी काढणाऱ्या नवऱ्यांचे किस्से गावात काही कमी नव्हते. देविकाही हसायची.

उन्हाळा चढायला लागला होता तेव्हा यज्ञेश ती गाडी घेऊन आला. यज्ञेश मूळचा मुखेडचा, इथं एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. पोरगा बोलायला गोड. गाडी काळीभोर, स्पोर्ट्स बाइक. पुढं वाकून बसावं लागेल असं बुटकं हँडल, आणि मागची सीट उंच, वीतभर. मुखेडच्या एकाकडून त्यानं ती जुनी म्हणून घेतली होती.

"उस्ताद, पळताना वाघ हाय," तो सुदर्शनच्या कानाशी ओरडून म्हणाला. "हळू केली की मरते. स्पीड ब्रेकर आला, गल्लीत वळवली, की बंद. माणूस चालतो तेवढ्या स्पीडला आली की संपलं. परत बटन दाबलं की लगेच चालू."

असली तक्रार गॅरेजला नवी नव्हती. सुदर्शननं मान डोलावली. देविकाचं लक्ष मात्र दुसरीकडंच होतं. मागच्या माणसानं पाय ठेवायचे दोन्ही फूटरेस्ट उघडे होते. यज्ञेश तर एकटाच आला होता. तिनं सहज विचारलं, मागं कोण होतं. तो म्हणाला, कुणीच नाही काकू, ते आपोआप उघडतात, ढिले झालेत वाटतं.

तो गेल्यावर देविकानं पायानं ते फूटरेस्ट मिटवायला घेतले. ढिले नव्हते. टाच लावून जोर द्यावा लागला, तेव्हा कुठं मिटले.

२

गाडी स्टँडवर चालू करून ठेवली तर चहा होऊन थंड होईपर्यंत चालत राहिली, एकदाही अडखळली नाही. सुदर्शननं स्कॅनर लावला. त्यात काही दोष दिसला नाही. मग त्यानं नेहमीच्या क्रमानं सुरुवात केली. प्लग बदलला. एअर फिल्टर झटकला. इंजिनाला हवा पुरवणाऱ्या थ्रॉटल बॉडीत काजळी साचली होती, ती देविकानं ब्रशनं स्वच्छ केली. साइड स्टँडचा सेन्सर कधीकधी खोटं सांगतो की स्टँड खाली आहे, आणि इंजिन बंद पडतं, तोही तपासला. पेट्रोलचा दाब पाहिला. सगळं जिथल्या तिथं.

दुपारी तो एकटाच चक्कर मारायला गेला. देविका भाकरी थापत होती म्हणून तिला हाक मारली नाही. चौकात वळण घेताना गाडी हळू झाली आणि बंद पडली. तोल जाऊन तो आडवा झाला. मागून हरभऱ्याच्या पोत्यांनी भरलेला ट्रक येत होता. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, आणि सुदर्शनच्या डोक्यापासून हातभर अंतरावर चाक थांबलं. हॉर्न तर त्याला ऐकूच आला नव्हता.

कोपर सोलून तो घरी आला तेव्हा देविकानं हळद लावली, आणि लावता लावता बजावलं की या गाडीवर एकट्यानं बसायचं नाही. दुरुस्त होत नसेल तर तशीच परत द्या.

"अन् ते पोरगं पडलं ट्रकखाली तर?" सुदर्शन म्हणाला.

तो असाच होता. दुसऱ्याच्या गाडीतला दोष त्याच्या झोपेत शिरायचा. त्या दिवसापासून देविकाच्या मनात एकच गोष्ट उरली. ही गाडी इथून जावी, आणि हा माणूस धडधाकट राहावा.

संध्याकाळी दोघं निघाले. तिनं खांद्यावर हात ठेवला, गाडी सुटली. स्पीड ब्रेकर, बाजारातली गर्दी, गल्लीतली वळणं. गाडी एकदाही बंद पडली नाही. दुसऱ्या सकाळी तो तिच्या देखत, गॅरेजसमोरच एकटा फिरला. बंद पडली. ती मागं बसली. चालली. उतरली. बंद.

सुदर्शनचा चेहरा उजळला. मागच्या सीटखाली वायरींचा गुच्छ असतो, त्यात एखादी सैल असणार, वजन पडलं की चिकटत असणार, असा त्याचा हिशेब. सीट काढून त्यानं एकेक वायर बोटांतून फिरवली. सैल एकही नव्हती. मग मिलमधून तुरीच्या चुरीचं पोतं आणून मागं घट्ट बांधलं. पोतं देविकापेक्षा जडच असेल. गाडी बंद पडली.

नीलाबाई पदर तोंडाला लावून हसली. "हिला पोतं कळतंय अन् माणूस कळतंय. लई शहाणी हाय की."

देविका हसली नाही. आदल्या संध्याकाळी मागं बसलेली असताना तिनं एक आवाज ऐकला होता, तो तिनं अजून नवऱ्याला सांगितला नव्हता. गाडी हळू झाली की तिच्या डाव्या अंगाला, खाली रस्त्यावर, चपला वाजायच्या. चट् चट् चट्. कुणी चालत्या गाडीबरोबर भरभर पावलं टाकावीत तसं. गाडीनं वेग घेतला की आवाज मागं राहायचा. पुढच्या स्पीड ब्रेकरला पुन्हा जवळ यायचा.

चेन सैल असेल तर अशी आपटते, तिनं स्वतःला समजावलं होतं. घरी आल्यावर तिनं चेन बोटानं वर-खाली करून पाहिली. चेन ताठ होती.

३

दोष गाडीच्या मागच्या भागात आहे, तर तो भाग बाहेरून बघायला हवा, असं देविकालाच सुचलं. बंद पडलेल्या एका मिलच्या कुंपणालगत सरळ रस्ता होता. दुपारी तिकडं कुत्रंही फिरकत नसे. ती मिलच्या ओट्यावर बसली. डोक्यावर लिंबाची सावली होती. सुदर्शन गाडी घेऊन लांब गेला आणि परत तिच्याकडं यायला लागला. तिनं दोन्ही पाय रस्त्याला टेकवून चालवायला सांगितलं होतं, म्हणजे पडायची भीती नाही.

गाडी हळू झाली. आणखी हळू झाली. चालणाऱ्या माणसाच्या वेगाला आली.

तेव्हा मागची बाजू दबली. ब्रेक मारल्यावर गाडीचं पुढचं अंग खाली जातं, हे गॅरेजमध्ये वावरून देविकाला चांगलं माहीत होतं. इथं पुढचं अंग स्थिर होतं. मागच्या चाकाचं स्प्रिंगचं शॉकअप खाली बसलं, गाडी किंचित डावीकडं झुकली, मग सावरून सरळ झाली. त्यानंतर इंजिन गचका खाऊन बंद पडलं.

तिनं पुन्हा बघितलं. पुन्हा तसंच. आधी दबणं, मग डावीकडं झुकणं, मग सरळ होणं, आणि शेवटी बंद पडणं.

लुगड्यातली बाई एका अंगानं गाडीवर बसते तेव्हा गाडी अशीच डावीकडं झुकते. हे देविकाच्या मनात आलं आणि तिनं ते तिथंच दाबलं. शॉकअपचं तेल गळालं असेल. रस्त्याला उतार असेल. उन्हात डोळ्यांपुढं काहीही हलतं.

नवऱ्याला तिनं एवढंच सांगितलं, "आधी मागून दबती, मंग बंद पडती."

सुदर्शननं वाकून मागची सीट दोन्ही हातांनी दाबून बघितली. मग टाकीवर थाप मारून म्हणाला, "सापडलं. अचानक लोड पडायलाय. हळू गाडीला ताकद नसती, लोड पडला की इंजिन मरतंय. आयडल वाढवतो, म्हणजे झालं."

गाडी जागेवर उभी असताना इंजिन ज्या संथ गतीनं चालतं, तिला गॅरेजमध्ये आयडल म्हणतात. ती वाढवली की इंजिन अंगावर आलेलं ओझं झेलतं, बंद पडत नाही.

"पण लोड कशाचा?" देविकानं विचारलं.

त्याला ते ऐकू गेलं नाही. की त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं, हे तिला पुढंही कधी ठरवता आलं नाही.

४

आयडल वाढवल्यावर गाडीचा आवाज बदलला. आधी ती धापा टाकल्यासारखी वाजायची, आता भरल्या पोटी घोरल्यासारखी वाजू लागली. सुदर्शन खूश होता. यज्ञेशला फोन करून उद्या गाडी घेऊन जा म्हणून सांगायला त्यानं देविकाला लावलं. फोनवर तो स्वतः बोलायचा नाही; कुणाचाही आला तरी तिच्या हातात द्यायचा.

आता शेवटची परीक्षा. तो दुपारचाच निघाला, कारण मिलचा रस्ता तेव्हा मोकळा असतो. देविका मागं बसली. बाजारातून, चौकातून, त्याच वळणावरून गाडी हळूहळू गेली आणि इंजिन अडखळलंसुद्धा नाही. चपलांचा आवाजही आला नाही. देविकानं कान देऊन ऐकलं. नुसतं इंजिन, चेन, वारा. तिला बरं वाटायला हवं होतं. पण इतके दिवस दारावर थाप मारणारं कुणीतरी एकदम गप्प व्हावं, तसं तिला वाटलं.

मिलच्या ओट्याशी त्यानं गाडी थांबवली आणि तिला उतरायला सांगितलं. एकट्यानं चालवून बघितल्याशिवाय गाडी परत द्यायची कशी, असं त्याचं म्हणणं. ती नको म्हणाली. त्यानं समजूत घातली. रस्त्यावर चिटपाखरू नाही, ट्रक नाही, तू समोर आहेस. एकच चक्कर.

ती उतरली. उतरताना तिनं दोन्ही फूटरेस्ट टाचेनं मिटवले.

गाडी लांब गेली, टोकाला वळली. उन्हाच्या झळांत ती आधी ठिपक्यासारखी थरथरली, मग आकार धरत जवळ आली. हळू झाली. आणखी हळू. देविका श्वास धरून मागच्या चाकाकडं बघत होती. काहीच दबलं नाही. इंजिन एका सुरात चालू. गाडी तिच्यासमोर येऊन हळूच थांबली. दोष गेला होता. तिचा जीव भांड्यात पडला. ओट्यावरून उठून, पदर खोचून, ती गाडीकडं निघाली.

हेल्मेटमधून, मान न वळवता, सुदर्शननं विचारलं, "बसलीस का?"

ती अजून चार पावलं लांब होती. ती तसं सांगणार, इतक्यात मागचं शॉकअप खाली बसलं. गाडी डावीकडं झुकली, सरळ झाली. दोन्ही फूटरेस्ट एकापाठोपाठ खट् खट् करत उघडले. सीटच्या मऊ फोमला मधोमध खळगा पडला. आणि सुदर्शनच्या उजव्या खांद्यावरचा शर्ट चुरगळला. बोटांखाली कापड चुरगळतं, तसा.

त्यानं मान डोलावली. रोज डोलावायचा तशीच. आणि गाडी सुटली.

"अहो!" देविका ओरडली. "अहो, थांबा!"

ती धावली. तिच्या चपला डांबरावर चट् चट् वाजत होत्या. गाडीनं वेग घेतला आणि ती मागं राहिली.

५

आधी तिला हसू आलं. नीलाबाई म्हणाली तसंच झालं शेवटी, नवरा सोडून गेला. चौकात गेला की त्याला कळेल, येईल परत, ओशाळून. शर्टाचं काय, वाऱ्यानं चुरगळला. फूटरेस्ट, ते तर यज्ञेशनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिनं ओट्यावर बसून वाट बघितली. सावली ओट्यावरून सरकून खाली उतरली. तो आला नाही.

पुन्हा कुठं वळणावर पडला असेल, या विचारानं ती उठली. तिचा फोन गॅरेजमध्ये चार्जिंगला होता. मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जाऊन तिनं रिक्षाला हात केला. रिक्षावाला वयस्कर, भला माणूस होता. तिची घालमेल बघून त्यानं स्वतःहून फोन पुढं केला. तिनं नवऱ्याचा नंबर लावला. रिंग वाजली आणि उचलला गेला.

"हॅलो," सुदर्शनचा आवाज आला. धडधाकट. देविकाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं विचारलं, कुठं आहात, लागलं तर नाही ना.

"काय? ऐकू येत न्हाई," तो म्हणाला. मग फोन तोंडापासून दूर धरून, घरात ज्या आवाजात बोलायचा त्या मऊ आवाजात म्हणाला, "देविका, बघ बरं कुणाचा हाय."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. देविकाला ते ऐकू आलं, बांगड्यांच्या किणकिणीसकट. त्यानंतर कुणी बोललं नाही. फोनमधून नुसता वारा ऐकू येत होता, पळत्या गाडीवर कानात भरतो तसा, आणि त्या वाऱ्यामागं कुणीतरी शांतपणे तिचा श्वास ऐकत होतं. मग फोन बंद झाला.

रिक्षावाल्यानं विचारलं, लागला का फोन. ती हो म्हणाली. दुसरं काय सांगणार होती?

गॅरेजचं शटर अर्धं खाली होतं. नीलाबाईची टपरी दुपारची झाकलेली. काळी गाडी स्टँडवर उभी होती, आणि किल्ली तशीच राहिल्यामुळं इंजिन चालू होतं. एका सुरात. देविकानं वाकून किल्ली फिरवली आणि ते बंद केलं. तेव्हा मागच्या घरातलं बोलणं तिला ऐकू आलं.

सुदर्शन बोलत होता. गाडीबद्दलच. लोड कसा पडायचा, इंजिन कसं मरायचं, अन् कुणाला सुचलं नसतं ते मागून बघायचं तुलाच कसं सुचलं. बोलता बोलता तो थांबायचा, कुणीतरी काहीतरी म्हणायचं, आणि तो हसायचा. उत्तर द्यायचा. त्याला नीट ऐकू येत होतं. एकदाही त्यानं "काय?" म्हटलं नाही. इतक्या वर्षांत देविकाचं एकही वाक्य त्यानं असं पहिल्या झटक्यात ऐकलं नव्हतं.

दाराला आतून कडी होती. तिनं थाप मारली. मग बाजूच्या खिडकीशी गेली. पडद्याच्या फटीतून तिला सुदर्शनची पाठ दिसली. तो ताटावर बसला होता. त्याच्या समोर पलंग, आणि पलंगाच्या कडेवरून खाली सोडलेलं एक पाऊल. घोट्यापर्यंत रस्त्याच्या धुळीनं पांढरं झालेलं, टाचेला भेगा पडलेलं पाऊल. ते हळूहळू झुलत होतं, खूप चालून आलेलं माणूस टेकल्यावर पाय झुलवतं तसं. त्याच्या वरचं काही पडद्यामुळं दिसत नव्हतं. देविकानं पडदा सारायला हात पुढं केला आणि तो तसाच मागं घेतला.

"अहो," तिनं हाक मारली. "अहो, मी आले. दार उघडा."

त्यानं घास घेतला. कदाचित त्याला ऐकू गेलं नसेल. कदाचित ऐकू गेलं असेल, आणि ते समोरूनच आलं असं वाटलं असेल. अहो तर समोरचीही म्हणत असणार. लग्न झाल्यापासून देविका त्याला याच एका शब्दानं बोलवत आली होती, जसं तिच्या आईनं वडिलांना, सासूनं सासऱ्यांना बोलावलं. गल्लीतली प्रत्येक बाई याच शब्दानं आपल्या नवऱ्याला हाक मारायची. त्या शब्दात ती कुठंच नव्हती.

त्याचं लक्ष वेधून घेईल असा एकच शब्द तिच्याकडं उरला होता. उखाण्याखेरीज तिनं तो कधी उच्चारला नव्हता. तोंडातून फुटायला त्याला वेळ लागला. तिनं खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरले, सगळा श्वास गोळा केला, आणि हाक मारली.

"सुदर्शन!"

झुलणारं पाऊल थांबलं. सुदर्शनचा हात ताटावर थबकला, आणि त्याची मान वळायला लागली. देविकाला त्याचा गाल दिसला, मिशीचं टोक दिसलं. आणखी थोडी वळली असती तर त्याला ती दिसली असती.

"तुम्ही जेवा हो," आतून देविकाचाच आवाज म्हणाला. शांत, जरासा हसरा. "बाहेर कुणी परकी बाई आलीय. तुम्हाला नावानं हाक मारायलीय, घरची असती तर असं केलं असतं का?"

"खरंय," सुदर्शन म्हणाला, आणि वळलेली मान त्यानं पुन्हा ताटाकडं फिरवली.